भीतीचा प्रचार आणि निरवांगीची रांग

निवडणुकीच्या ड्यूटीवरचे किस्से जमवावे लागत नाहीत. कचेरीतल्या फायली वर्षानुवर्षं हलत नाहीत, हे किस्से मात्र न बोलावता साठतात! मी इंदापूरला कारकून होतो. देशातली पहिलीच निवडणूक. आमच्याकडचे एक उमेदवार, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत, दोनच वस्तू घेऊन गावोगाव फिरत: भीती, आणि तिच्यावरचं औषध.

*

सुप्याच्या बाजारात रावसाहेब गरजले, "मी पडलो, तर गावात दरोडेखोर शिरतील!"

पुढं बसलेले एक तात्या म्हणाले, "आधी रस्ता तर करा. हितं मोटार येत न्हाय, दरोडेखोर कशाला येतोय!"

*

बारामतीच्या सभेत रावसाहेबांच्या दोन्ही बाजूंना चार लाठीवाले उभे. "मला मत द्या, कुणाची म्हणून भीती उरणार नाही!"

एका भाजीवाल्यानं विचारलं, "मग तुमाला कुणाची वाटतीया?"

पाटीवर अक्षर न गिरवलेली माणसं ही! आमच्या साहेबांना असं विचारायची माझी तरी कधी छाती झाली नाही.

*

मतदारयादीसाठी निरवांगीला गेलो, तर रावसाहेबांची माणसं आधीच सांगून गेलेली, "यादीत नाव गेलं, की सरकार घरातली भांडी मोजणार." बायका दारं लावून बसल्या.

हौसाबाई नावाची एकटी विधवा तेवढी बाहेर आली. "लिवा माजं नाव. भांडी चार हायती. एक फुटकं हाय, त्ये सरकारनं न्यावं!"

*

मतदानाला मी त्याच गावच्या शाळेत, बोटाला शाई लावायला. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. रावसाहेबांनी आदल्या दिवशी गावभर सांगितलं होतं, "कुणी कुठल्या पेटीत टाकलं, ते मला बसल्या जागी कळतं. मला मत नाही, त्याची पाटाच्या पाण्याची पाळी गेली!"

हौसाबाईचं पोट त्या पाण्यावरच्या वांग्यांवर. बायकांची रांग फाटकापर्यंत, पण पुढं कुणी सरकेना. दोघी-तिघी माघारी वळल्या. शेवटी हौसाबाईच पुढं आली. शाईला बोट पुढं केलं. पडद्याआड गेली, बाहेर आली.

फाटकाबाहेर रावसाहेब उभेच. सगळ्या रांगेसमोर दरडावून म्हणाले, "काय गं हौसा, कुठल्या पेटीत टाकलंस?"

हौसाबाई थांबली. पदर सावरला.

"आत्ता! तुमाला बसल्या जागी कळतंय न्हवं? मग मला कशापायी इचारताय?"

माघारी वळलेल्या बायका पुन्हा रांगेत आल्या. दुपारी माझी शाईची बाटली संपली!