काकूंचं मलम

कुणाच्या अंगावर ओरखडा दिसला, की शेजारच्या काकूंचा हात थेट पर्समध्ये जायचा. "थांब जरासा, मलम लावून देते," म्हणत त्या अँटिबायोटिक मलमाची ट्यूब बाहेर काढत. बालाघाटच्या आमच्या गल्लीत त्या मलमातून सुटलेला गुडघा सापडणं कठीण. एका लग्नात तर त्यांनी वाढप्याचा भाजलेला अंगठा धरून ठेवला होता, आणि अख्खी पंगत वरणाची वाट पाहत बसली होती.

एकदा फाटक लागून काकूंचीच नडगी खरचटली. मलम लागलं. चारेक दिवसांत नडगी लाल झाली, खाजू लागली, बारीक फोड आले. काकूंनी मलम आणखी जाड थापलं. फोड पसरले. शेवटी मला बोलावून त्यांनी पाय दाखवला. दुसऱ्यांना धीर देणारा तो आवाज पार खाली गेला होता.

"पाय तोडा लागन काय गा?"

मी त्यांना ऑटोत बसवून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, ट्यूबवरचं औषधाचं नाव वाचलं.

"जखम भरत आली आहे. हा त्रास मलमाचा आहे. यातलं औषध तुमच्या कातडीला सोसत नाही."

"मी तं वर्षानुवर्षं हेच लावून राह्यली," काकू दुखावल्या.

"वापरता वापरताच कधीतरी अ‍ॅलर्जी सुरू होते. आजपासून हे बंद."

घर आलं तरी काकू ऑटोतून उतरेनात. "मी तं साऱ्या गल्लीले लावलं," त्या म्हणाल्या.

मलम थांबलं, डॉक्टरीणबाईंचं औषध लागलं, पाय सुधारला. चालता येऊ लागताच काकू घरोघर विचारायला निघाल्या, "तुले खाज तं नाही आलती?" मी सोबत होतो. सगळे नाही म्हणाले. कोपऱ्यावरचा शिंपी मात्र मान खाली घालून टाके घालत राहिला.

"आलती," तो शेवटी म्हणाला. "दर वेळी येते. तुमी गेल्या की नळावर धुऊन टाकतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी लावताना फुंकर घालता न काकू. माय गेल्यावर कोणी घातली नव्हती."

 काकूंना हसू फुटलं, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना. मशीनजवळच्या स्टुलावर बसत त्या म्हणाल्या, "चहा सांग आता."

गेल्या वर्षी मुलाने काकूंना रायपूरला आपल्याकडे राहायला नेलं. दुपारी कधी शिंप्याचं मशीन मध्येच थांबतं. त्याने त्यांना फोन लावलेला असतो, आणि दोघांचं हसणं आमच्या दारापर्यंत ऐकू येतं.