खिडकी लावा, मॅच सुरू झाली

दत्ताभावजी गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. मुलाने फोन ठेवून सांगितलं... आणि मला काय आठवावं, तर आमच्या हॉलची खिडकी!

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळी उमर कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर चालवला, मग नेरूळला आमच्याकडेच राहिले. नाद एकच, देशातली ती सगळ्यात वरची फुटबॉल लीग. आता बघा, स्टेडियम आमच्या सोसायटीच्या मागेच. आणि टीव्ही चालतो जरा मागे. म्हणजे गोल झाला की आरडाओरडा खिडकीतून आधी येणार, गोल नंतर दिसणार! म्हणून मॅच लागली की भावजींचा हुकूम सुटायचा, "वैनी, खिडकी लावा, पेपर फुटतोय!"

"अहो, उकडून मरू आपण."

"मरू, पण निकाल आधी नको."

पुढे त्यांचं हृदय फार कमजोर झालं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन नको. ऐकतायत कसले! एका संध्याकाळी आमच्या टीमची मॅच होती, जिंकलो तरच पुढच्या फेरीत जाणार होतो. एका गोलने पुढे होतो, आणि अगदी शेवटाला समोरच्यांना पेनल्टी मिळाली. भावजींचा हात छातीवर गेला, कपाळावर घाम.

"बंद करते मी टीव्ही."

"नको... वैनी, खिडकी उघडा."

एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा.

"उघडा ओ. आज नाही धीर धरवत."

कडी गंजलेली, दोन्ही हातांनी ओढली. टीव्हीवर तो खेळाडू अजून बॉल ठेवत होता. स्टेडियम सगळं आमच्याच टीमवाल्यांनी भरलेलं; आवाज आला तर वाचलो, नाही आला तर गेलो. बाहेर काहीच नाही... कुणाचा तरी कुकर, रिक्षाचा हॉर्न... मी भावजींच्या छातीकडे बघत होते, टीव्हीकडे नाही. आणि मग स्टेडियम असं काही उसळलं म्हणता!

"अडवला," भावजी पुटपुटले, आणि मागे टेकले. टीव्हीवर तो खेळाडू आत्ता कुठे धावत निघाला होता. "तुमी बघा आता निवांत."

पुढच्याच आठवड्यात ते गेले.

परवा पुन्हा मॅच होती. सून म्हणाली, "आई, एवढ्या उकाड्यात खिडकी का लावताय?" बघते तर माझा हात कडीवर... म्हटलं, "राहू दे गं. मॅच संपली की उघडते."