वरणातला सोडा

आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. कामरगावात घर बांधलं त्या वर्षापासून ही तक्रार. त्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळली तरी दाणा न् दाणा वेगळाच राहतो. म्हणून आमच्याकडे वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चिमूटभर खाण्याचा सोडा पडायचा. कुकर घरात होता, पण पत्नीला कुकरचं वरण आवडत नसे. सोड्याचा डबा मिठाच्या बरणीशेजारी असे, आणि तिची चिमूट मोजून घेतल्यासारखी नेमकी होती.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या पायांना सूज आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की किडन्या मंदावल्या आहेत. रक्तात आम्ल साठतंय, बायकार्बोनेट कमी पडतंय. इतर औषधांबरोबर त्यांनी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज दोन वेळा, पाण्याबरोबर.

घरी आल्यावर मी चष्मा लावून वेष्टनावरची अक्षरं वाचली आणि मला, आता सांगायला लाज वाटते, आनंद झाला. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं सूत्र बायकोच्या औषधात निघालं होतं. मी तिला ओट्यापाशी बोलावलं. वाटीत लिंबू पिळलं आणि डब्यातला सोडा टाकला. वाटी फसफसून वर आली.

"माह्या पोटातबी असंच होते का?" तिनं विचारलं.

"पोटात होतं, पण तुझं काम रक्तात आहे," मी म्हणालो. "शरीरात रोज आम्ल तयार होतं. हा त्याला शांत करतो. हे काम किडनी सांभाळते, तुझी थकली आहे, म्हणून बाहेरून द्यायचं."

"म्हंजे हा आपला वरणातलाच सोडा हाये?"

"तोच. एकच पदार्थ."

"मंग अकोल्याले कायले गेलो आपण?" ती हसली. "डब्बा भरून तं घरातच होता."

मीही हसलो. एकच पदार्थ, हे शब्द मी वर्गात जसे ठासून म्हणायचो तसेच म्हणालो. किती, कसा, कशाबरोबर, यातलं काही बोललो नाही. धडा तिथंच संपवला आणि वाटी विसळून ठेवली.

गोळ्यांनी तिला ढेकर येत, पोट फुगे. पहिल्या महिन्यात तिनं तक्रार केली, नंतर बंद केली. सवय झाली असेल असं मी धरून चाललो. जेवताना मी विचारायचो, "गोळ्या घेतल्या?"

"घेतो ना. आता जेवणातच घेतो."

जेवणात म्हणजे जेवताना, असं मी समजलो. मला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात वरण फार छान व्हायचं. लोण्यासारखं. मी दोनदा मागून घ्यायचो आणि तसं सांगायचोही. ती माझं झाल्यावर जेवायची. आमच्याकडे बायकांची तीच रीत, आणि मी ती कधी मोडली नाही. पाहुणे असले की तिच्या वाटीला गंजाच्या तळाचं वरण यायचं, तेही कधी कधी नसायचं.

पुढच्या तपासणीत रक्तातलं बायकार्बोनेट आणखी उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेता ना?" ती म्हणाली, "रोज. एक दिवसबी चुकत नाही." मी शेजारी बसून मान हलवली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

त्यानंतर एका दुपारी वरणाला साबणासारखी चव आली. मी म्हणालो, "आज सोडा जास्त झाला गं."

"डॉक्टरनं वाढवला," ती म्हणाली.

मला ते इतकं चपखल वाटलं की हसताना ठसका लागला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तीही हसत होती, पण मी कशाला हसतोय हे तिला कळलं नसावं.

दिवाळीनंतर तिला धाप लागू लागली. बसल्या जागी श्वास खोल, लांब होई. चालणं खोलीपुरतं उरलं. शेजारच्या घरातून माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, स्वयंपाकाला येऊ लागल्या. पत्नी पलंगावरून त्यांना काय किती टाकायचं ते सांगत असे. संक्रांतीच्या आधी ती गेली.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. वहिनी येतच राहिल्या. एका सकाळी त्या गंजात डाव फिरवत होत्या आणि डाळ काही केल्या शिजेना.

"भाऊजी, बाईच्या त्या गोळ्या कुठी ठेवल्या तुमी?"

"कोणत्या?"

"सोड्याच्या. त्याच्याबिगर इथली डाळ काही मऊ होत नाही, बाप्पा."

मी उठून ओट्यापाशी आलो. वहिनींना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्या मोठ्यानं बोलल्या. "ते खलून टाके ना वरणात. म्हणे, कोरड्या गोळीनं पोट फुगते, वरणातून गेली तं काही होत नाही. डब्ब्यातला सोडा तं तिनं कधीचाच बंद केला होता. म्हणे, मास्तरनं सोता सांगतलं, एकच चीज हाये. मंग दोन-दोन जागी कायले टाका?"

ओट्यावर लहान खलबत्ता होता. त्याच्या तळाला पांढरी भुकटी चिकटलेली होती. मी ती बोटानं पुसली.

दरवर्षी नववीच्या वर्गात मी परीक्षानळीत सोडा तापवत असे. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होई. नळीत उरतं ते काय, असं मी विचारायचो, आणि मुलं एका सुरात सांगायची, धुण्याचा सोडा. उकळत्या गंजात तिच्या गोळ्यांचं काय होत होतं, हे माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं सांगितलं असतं. आणि जे काही उरत होतं त्यातलं बरंचसं माझ्या पोटात गेलं. मी दोनदा मागून घेत होतो.

ती एकदाही खोटं बोलली नाही. तिनं तर मला सरळ सांगितलं होतं.

महिन्याभरानं मी एकटाच अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. फरक पडला असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "थोडा पडला असता. आजार तरी पुढे गेलाच असता. किती दिवस मिळाले असते, ते मी सांगू शकत नाही." परतीच्या एसटीत मी त्या 'थोडा'चे महिने करत बसलो. काही जमलं नाही.

वहिनींना मी हे सांगितलेलं नाही. शेवटचे दोन महिने गोळ्या त्यांच्याच हातानं खलल्या गेल्या, तिच्या सांगण्यावरून. त्या पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितो आहे.

उरलेल्या गोळ्या मी कपाटात ठेवल्या आणि सोड्याचा डबाही ओट्यावरून उचलला. वहिनी रोज कुरकुरतात. "किती दिवस असं कच्चं वरण खासाल, भाऊजी? चिमूटभर टाकू द्या."

"राहू द्या, वहिनी," मी म्हणतो, "मला असंच चालतं." डाळीचे दाणे वाटीच्या तळाशी वेगळे बसलेले असतात. आता जेवायला वेळ लागतो.