जावेचा पितळी दिवा

माझी धाकटी जाऊ येवल्याची. माहेरी हातमागावर पैठणी विणतात, त्यामुळे रंगांची जाण तिला लहानपणापासूनच. लग्न होऊन आमच्या सिडकोतल्या घरी आली आणि वर्षभरात पितळेच्या मागे लागली. खाली ती आणि दीर, वर आम्ही, आणि सासूबाई जिथे चहा आधी होईल तिथे.

मी अंबडच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासते. बॉयलरवर किंवा हवेच्या टाकीवर गोल तबकडी असते आणि तिच्यात काटा असतो, तोच गेज. काटा दाखवतो तो दाब खरा की खोटा हे ठरवायचं आणि सही करायची, हे माझं काम. आयटीआय करून लागले तेव्हा त्या विभागात मी एकटीच बाई होते. आज बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या हातचा गेज बघून कोणी ‘वा’ म्हटलेलं मला आठवत नाही. गेज बरोबर असला की त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

जाऊ भद्रकालीतल्या भंगारवाल्यांकडून जुने नळ, तोट्या, घड्याळाची चाकं आणि असेच टाकून दिलेले गेज आणू लागली. त्यातून तिनं पहिला दिवा केला. वाकवलेली पितळी नळी, तिला तोटी, तोटी फिरवली की बल्ब लागायचा. मग चामड्याच्या पट्ट्यांचा गॉगल झाला, दातेरी चाकांची कानातली झाली, पैठणीच्या काठाचं एक जाकीट झालं, त्याला बटणांच्या जागी घड्याळाची चाकं.

“ह्याला स्टीमपंक म्हणतात, ताई,” तिनं मला सांगितलं. “म्हणजे बघा, विजेचा शोध लागलाच नसता, सगळं वाफेवरच चालत राहिलं असतं, तर आपल्या वस्तू कशा दिसल्या असत्या? तशा करायच्या.”

सासूबाई त्याला स्टीमपंप म्हणत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत. “आमच्या धाकटीनं केलंय हो हे!” थोरली बावीस वर्षं खरे स्टीमपंप सांभाळतेय, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. मी हसत बाजूला उभी राहायचे आणि आतल्या आत जळायचे. कानातली घालून ती बाहेर पडली की बायका रस्त्यात थांबवून विचारत. माझ्या युनिफॉर्मकडे बघून कोण थांबणार?

एका रविवारी ती गेज घेऊन वर आली. नव्या दिव्यात बसवायचा होता.

“ताई, ह्याचा काटा हलता करता येईल का? नुसता चिकटवलेला बरा नाही वाटत.”

मी मागचं झाकण काढलं. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग गुंतली होती, एवढंच. चिमट्यानं सोडवली की झालं, पाच मिनिटांचं काम. मी झाकण परत लावलं.

“नाही होणार. पार गेलाय हा.”

“बरं,” ती म्हणाली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. तिनं तो तसाच दिव्यावर बसवला.

पुढच्या पंधरा दिवसांत मी स्वतःच एक दिवा करायला घेतला. म्हटलं, खरी चालणारी वस्तू कशी असते ते कळू दे सगळ्यांना. गेज माझ्याकडे होतेच. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणला, नळीनं गेजला जोडला. फुगा दाबला की काटा सरसर चढायचा, सोडला की शून्यावर. अगदी बिनचूक. नवऱ्याला दाखवला.

त्यानं तो सगळ्या बाजूंनी बघितला. “छान आहे. कारखान्यात न्यायचाय का?”

मी पुन्हा बघितलं आणि माझ्याही लक्षात आलं. तो दिवा दिसतच नव्हता. तपासणीच्या टेबलावरचा स्टँड होता तो, वर बल्ब लावलेला. नळी कुठे वाकवायची, कुठे मोकळी सोडायची, हे मला कळलं नव्हतं. तिला ते न शिकवता कळत होतं. मी तो दिवा माळ्यावर टाकला, आणि त्या दिवसापासून तिचा आणखीच राग यायला लागला.

दिवाळीच्या आधी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. तिला तिथे टेबल मिळालं. रविवारी मी मदतीला गेले. खरं तर गर्दी किती होते ते बघायला गेले. गर्दी खूप होती. कॉलेजच्या मुली गॉगल लावून फोटो काढत होत्या. दुपारी ती जेवायला गेली आणि मी एकटी टेबलावर बसले. तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांचं दिंडोरीकडे द्राक्षबागेत लहानसं हॉटेल होतं, तिथे असे दिवे लावायची त्यांची इच्छा होती. बराच वेळ ते दिव्यावरून हात फिरवत राहिले.

“हा काटा चालतो का हो?”

“नाही,” मी म्हणाले. इथेच थांबता आलं असतं. “आत काही नाही. सगळा नुसता देखावा आहे. चिकटवलेलं भंगार.”

ते ओशाळून हसले, टेबलावरचं कार्ड उचललं आणि निघून गेले. जाऊ परत आली तेव्हा मी तिला यातलं काहीच सांगितलं नाही. घरून आणलेली पोळीभाजी तिनं माझ्यापुढे ठेवली. ती मी खाल्लीसुद्धा.

दोन दिवसांनी ती वर आली. मी नुकतीच कामावरून आले होते.

“ताई, ते हॉटेलवाले होते ना, त्यांचा फोन आला होता. म्हणाले, तुमच्या टेबलावरच्या बाईच म्हणत होत्या की हे भंगार आहे. तुम्ही म्हणालात असं?”

“म्हणाले.”

ती दारातच उभी राहिली. “काटा चालत नाही हे खरंच आहे. पण मी तुम्हाला विचारलं होतं ना आधी?”

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. “तो गेज बिघडलेला नव्हता. पाच मिनिटांत झाला असता. मी खोटं बोलले.”

“का?”

“तुझ्याकडे लोक बघतात म्हणून.”

इतकं उघडं मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. मी चहा टाकते म्हटलं, तर ती नको म्हणाली आणि खाली गेली. पुढे महिनाभर आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं. सासूबाईंना वाटलं, दिवाळीच्या फराळावरून काहीतरी बिनसलं असावं. मी तो समज तसाच राहू दिला.

मग एका सकाळी मी चिमटा घेऊन खाली गेले. तिनं काही न विचारता तो दिवा पुढे सरकवला. मी स्प्रिंग सोडवली, माळ्यावरच्या दिव्याचा फुगा काढून आणला होता तो जोडला. फुगा कुठे लोंबू द्यायचा ते तिनं ठरवलं, नळीवर तांब्याची तार गुंडाळली. मी तो सरळ खाली सोडला असता. तिनं त्याला असा वळसा दिला की हात आपोआप तिकडे जावा.

हॉटेलवाल्यांना तिनं स्वतः फोन केला. त्यांनी दोन दिवे घेतले आणि आम्हा दोघींना बघायला बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा एक जोडपं फुगा दाबून काटा चढताना बघत होतं. जाऊ लगेच म्हणाली, “काटा ह्यांनी चालवलाय, माझ्या जाऊबाईंनी.” “अरे वा,” ती दोघं माझ्याकडे बघून म्हणाली, आणि पुढचे सगळे प्रश्न तिला विचारले. कल्पना कशी सुचली, कुठे शिकलात, अंगातलं जाकीटही तुम्हीच केलंत का. मी खिडकीतून द्राक्षांच्या रांगा बघत बसले. बोचायचं ते बोचलंच.

आता ती रविवारी माझ्याकडे गेज उघडायला शिकते. बोटं रंगांना सरावलेली, चिमट्याला नाहीत. गेल्या रविवारी तिच्या हातून स्प्रिंग तुटली. टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि ती हिरमुसली. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर फार बरं वाटलं.

मग मी डबीतली दुसरी स्प्रिंग काढून तिच्या तळहातावर ठेवली. “श्वास रोखून धर,” म्हटलं, “आणि मनगट टेबलाला टेकव.”