विठाबाईंच्या भिंतीवरचे अप्पा

येडशीत आमच्या शेजारी विठाबाई राहतात. रामलिंगच्या डोंगराचा वारा आधी त्यांच्या ओसरीला लागतो, मग आम्हाला. त्यांचे यजमान बलभीमअप्पा गेल्या वर्षी वारले. त्यानंतर दिव्यावर येतं तसलं डोंगरातलं एक पाखरू, राखाडी, नखाएवढं, ओसरीच्या भिंतीवर बसायला लागलं. विठाबाईंनी जाहीर करून टाकलं, अप्पा आले.

अप्पा होते तेव्हा घरात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, बाईंनी तर मुळीच नाही. आता मात्र उठता-बसता त्यांचा सल्ला. मी चाळण मागायला गेले, तर म्हणाल्या, "थांब, ह्यांना इचारते." अप्पा नको म्हणाले म्हणे. त्या चाळणीचा राग माझ्या मनात अजून आहे.

पाखरू कधी खुंटीपाशी बसे, कधी दारावर. एकदा तर दोन बसली. मी विचारलं, यातले अप्पा कुठले?

"मला घाबरायलेत ना," बाई म्हणाल्या, "सोबतीला कुणाला तरी आणलंय."

त्यांचा मुलगा कुलदीप उमरग्यात एका दवाखान्यात नोकरीला आहे. शेळ्या विकून, घराला कुलूप लावून आईला तिकडं न्यायचं, असा त्याचा हट्ट. बाईंना घर सोडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या जायला मलाही नकोच होत्या. तो आला की बाई भिंतीकडे बोट दाखवायच्या. "तुझ्या अप्पांना इचार. ते इथं बसलेत, म्या कशी येऊ?" पोरगा बिचारा भिंतीकडे बघून एसटीनं परत जायचा.

परवा मात्र तो हसतच आला. "आई, अप्पा उमरग्याला आलेत. काल माझ्या खोलीत ट्यूबलाइटपाशी बसले व्हते. तुझीच वाट बघायलेत."

ओसरीची भिंत त्या दिवशी नेमकी रिकामी होती. सापडल्या बाई, असं मी मनात म्हटलं आणि मला वाईट वाटलं.

विठाबाईंनी भिंत बघितली, मग पोराला बघितलं. "खोटं बोलू नगंस. उभ्या जन्मात ते माझ्या आदी कुठं गेले न्हाईत. बाजारालाबी माझ्या मागंच."

बोलता बोलता त्या थांबल्या. पदर तोंडाला लावला.

"एकदाच गेले," म्हणाल्या.

कुलदीपनं पिशवी खाली ठेवली, अप्पांची काठी घेतली आणि शेळ्या सोडल्या. दोघं डोंगराकडे निघाले. विठाबाई पुढं होत्या.