चांदणी, अकरा हजार व्होल्ट आणि आमचे पंच

“पाच मिन्टं लाइन बंद कर. एवढंच तर म्हनतोय आमी,” मामा म्हणाले.

रविवारची उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या पडवीत चहा फिरत होता आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीनं, त्यात माझे मामाही आले, मला भिंतीशी गाठलं होतं. मी पारनेर तालुक्यात वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला इंजिनिअर आहे. माझ्या हद्दीतल्या गावांपैकी हे एक, आणि नेमकं हेच माझं आजोळ. त्यामुळे या चर्चमध्ये मी जपूनच जाते. देवाचं काही नाही. पण शेवटचा आशीर्वाद झाला रे झाला की कुणाचं तरी मीटर पळत असतं आणि कुणाच्या तरी बांधावरचा पोल वाकलेला असतो.

या वेळी मागणी मोठी होती. नाताळला घंटेच्या मनोऱ्यावर चांदणी लावायची होती. चांदणी दर वर्षी लागते: बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, आत एक बल्ब. पण मागच्या नाताळात शेजारच्या गावच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी, एवढी उंच चांदणी लावली की म्हणे ती सुप्याच्या एमआयडीसीतून दिसत होती. तेव्हापासून आमच्या पंचांना अन्न गोड लागत नव्हतं. बेथलेहेमच्या चांदणीनं पूर्वेकडच्या मागी लोकांना बाळ येशूची वाट दाखवली. आमच्या चांदणीनं शेजारच्या गावाला त्याची जागा दाखवायची होती.

त्यासाठी पंचांनी वीस फुटी लोखंडी पाइप आणला होता आणि त्याच्या टोकाला पत्र्याची चांदणी वेल्डिंग करून घेतली होती. पाइप मनोऱ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला उभा करायचा, म्हणजे लांबून दिसेल. आणि रस्त्याकडूनच अकरा केव्हीची लाइन जाते. अकरा केव्ही म्हणजे अकरा हजार व्होल्ट. घरात येते ती वीज दोनशे तीस व्होल्टची. ती झटका देते आणि नशीब असलं तर सोडते. या लाइनीला हात लावायचीही गरज नसते. फार जवळ गेलात तर ती स्वतःच येते.

“मामा, पाच मिनिटं बंद करून भागत नाही,” मी म्हटलं. “नंतर वारा सुटला आणि पाइप झुकला तर? चांदणी मागच्या अंगाला लावा. जरा खाली लावा.”

“खालीच लावायची तर लावायची कशाला?”

एवढ्यात पाळकसाहेब आले. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण आहेत, गिटार वाजवतात आणि माणूस लाघवी आहे. त्यांचं म्हणणं असं की जुन्या लोकांनी देवाचं भय घालून घालून मंडळी अर्धी केली. देव म्हणजे मित्र. देवाशी गप्पा मारायच्या. त्यांच्या प्रार्थनेत देवाला इतकी अरे-तुरे असते की कधी कधी मला देवाचीच दया येते.

“ताई, घाबरता कशाला?” ते म्हणाले. “देव आपला बाप आहे. बापाला कुणी भितं का?”

माझ्या बापाला सगळी गल्ली भीत होती, पण तो विषय वेगळा. देवाचं भय धरणं ही शहाणपणाची सुरुवात, असं आम्हाला संडे स्कूलमध्ये घोकून घेतलं होतं. घोकून घेणाऱ्या बाईंच्या हातात पट्टी असायची. त्यामुळे भय कळलं, शहाणपण मागे राहिलं. तेव्हा त्या बाबतीत मी पाळकसाहेबांशी काय वाद घालणार? मी विजेपुरतं बोलले. म्हटलं, या जागी पाइप उभा राहणार नाही, आणि त्यासाठी मी लाइन बंद करणार नाही.

मामांचा चेहरा पडला. वडील म्हणत होते की पोरीला कशाला खांबांवर चढायचं शिक्षण. तेव्हा याच मामांनी मला नगरला नेऊन डिप्लोमाला घातलं होतं. “तुला लाइनीत आमी घातली, आन् आता लाइन आमालाच दाखीव,” एवढं बोलून ते चपला घालून निघाले. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून लाइनीचं अंतर वाढत नाही.

नाताळ दोन दिवसांवर आला. दुपारी ऑफिसात होते, तर मामीचा फोन. आवाजात नुसता आनंद.

“रूथ, ये की गं बघाया. चांदणी चढतीया. पाळकसाहेब वर हायेत, तुजं मामा बी वर हायेत. पार्थना बी झाली.”

“मामी, लाइनीचं काय?”

“लाइन बंद हाय की. मामांनी आदी हिरीवर जाऊन मोटार लावून बघितली. न्हाई चालली. मंगच चढले. तेवढी अक्कल हाय म्हनलं त्यांना.”

मोटार चालली नाही म्हणजे लाइन बंद, असं नसतं. ते का, हे सांगायला हवं.

चर्चसमोरून जाते ती शेतीची लाइन; गावातल्या घरांची वेगळी. शेतीच्या लाइनीला तीन तारा असतात. पाण्याची मोटार चालायला तिन्ही तारांत वीज लागते. ती दिवसभर नसते. पाळी असते, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. पाळी नसली की स्टार्टरचं बटण दाबा नाहीतर त्याच्यापुढं लोटांगण घाला, मोटार हलत नाही. शेतकरी म्हणतो, “लाइट गेली.” पण लाइट गेलेली नसते. मळ्यातल्या वस्त्यांवर एखादा दिवा, पंखा चालावा म्हणून आम्ही दोन तारा चालूच ठेवतो. भर दुपारी वस्तीवर दिवा कोण लावतंय? त्यामुळे कुणाला काही कळत नाही. मामांनी विजेची परीक्षा घेतली, पण तिला विचारलं फक्त मोटारीचं. ती नाही म्हणाली, आणि हे मनोऱ्यावर चढले.

मी मामीला सांगितलं, “त्यांना म्हणा, आहे तिथंच थांबा. पाइप हलवू नका.” मामी म्हणाली, “काय? गानी चालल्याती, ऐकू येत न्हाई,” आणि फोन बंद झाला.

मी सबस्टेशनला फोन लावला. एंगेज. रब्बीच्या दिवसांत सबस्टेशनचा फोन लागणं हा चमत्कारांत धरायला हरकत नाही. सगळा तालुका एकाच वेळी “लाइट कधी येणार” विचारत असतो. ऑफिसातल्या क्लार्कला म्हटलं, लागेपर्यंत लावत राहा आणि लागला की माझ्या नावावर फीडर ट्रिप करायला सांगा. फीडर म्हणजे ती अख्खी लाइन, आणि ट्रिप म्हणजे सबस्टेशनवरून ती एकदम बंद करणं. मग शेख वायरमनला घेऊन जीपमध्ये बसले.

शेख म्हणजे आमच्याकडचा जुना माणूस. वाटेत त्यानं एकदाच तोंड उघडलं.

“मॅडम, तुमचे लोक देवाला भेत न्हाईत का?”

“देव त्यांच्या ओळखीचा आहे.”

“मग लई अवघड,” शेख म्हणाला.

पोचलो तेव्हा पाइप उभा झाला होता. मनोऱ्याच्या कठड्याला त्याचा बुडखा टेकवला होता, एका बाजूनं पाळकसाहेबांनी कवेत धरला होता, आणि मामा काथ्याच्या दोरीनं तो बांधत होते. वर पत्र्याची चांदणी वाऱ्यानं डुलत होती. डुलली की तारेच्या हातभर जवळ येई, आणि परत मागे जाई. खाली स्पीकरवर नाताळची गाणी. बायापोरं टाळ्या वाजवत होती.

मी आधी स्पीकरची वायर उपटली. मग ओरडले, “मामा, पाइप आहे तसा धरा! हलवू नका!”

“लाइन बंद हाय!” मामा वरून ओरडले. “म्या मोटार लावून बघितली!”

“ताई, या वर, प्रार्थनेला!” पाळकसाहेब हसत म्हणाले.

वाद घालायला वेळ नव्हता. शेखनं लांब काठी जोडली. तिच्या टोकाला आमचा टेस्टर असतो. तारेत वीज असली की तो बोंबलतो. शेखनं काठी तारेजवळ नेली आणि टेस्टर असा बोंबलला की घंटेच्या खाली बसलेली कबुतरं उडाली.

मामांनी टेस्टरकडे पाहिलं, मग तारेकडे, मग चांदणीकडे. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. लाइन तीच होती, अंतर तेवढंच होतं. फक्त आता त्यांना ते माहीत झालं होतं.

“टाकून देऊ का पाइप?” मामांचा आवाज चिरकला.

“टाकू नका! कुठं पडेल सांगता येत नाही. धरून ठेवा. लाइन बंद होईपर्यंत फक्त धरून ठेवा.”

क्लार्कचा फोन अजून लागत नव्हता. मीही लावत होते. मला लाज वाटत नाही सांगायला, त्या वेळी मी प्रार्थना केली. बरीच वर्षं केली नव्हती. शब्द आठवले नाहीत. “मामाला नको, मामाला नको” एवढंच म्हणत होते.

वर पाळकसाहेबांनीही डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागले. डोळे मिटताच पाइप किंचित कलला.

“पाळकसाहेब!” मी ओरडले. “प्रार्थना डोळे उघडे ठेवून करा!”

त्यांनी डोळे उघडले आणि चांदणीवर रोखले. प्रार्थना चालूच होती, आता मोठ्यानं. नेहमीचं “बापा, तू आपला माणूस आहेस” वगैरे काही नव्हतं. नुसतं, “प्रभू, दया कर. प्रभू, दया कर.” एवढी नीट प्रार्थना मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती.

सैतानानं येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन हेच सांगितलं होतं: मार उडी, देवदूत झेलायला उभे आहेत. येशूनं उडी मारली नाही. देव झेलेल की नाही अशी त्याला शंका होती म्हणून नव्हे. देवाला असं कामाला लावायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. आमच्या पंचांनी खाली चहा ठेवायला सांगून उडी मारली असती.

फोन वाजला. क्लार्क होता. “मॅडम, लागला! ट्रिप केलं त्यांनी!”

मामा पाइप सोडायला निघालेच होते. “थांबा!” म्हटलं. आमच्या धंद्यात फोनवर “बंद केलं” म्हणाले म्हणून कुणी तारेजवळ जात नाही. शेखनं पुन्हा टेस्टर नेला. तो गप्प राहिला. तरी शेखनं दोन्ही बाजूंच्या खांबांवर तारांना अर्थिंगच्या साखळ्या टाकल्या, म्हणजे चुकून कुणी लाइन सुरू केलीच तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी. मगच म्हटलं, “आता उतरवा.”

पाइप उतरला, पाळकसाहेब उतरले, शेवटी मामा उतरले. मी त्यांना धरलं, रडले, आणि मग सगळ्या मंडळीदेखत त्यांना इतकं झापलं की मामी म्हणाली, “आगं, देवाच्या दारात तरी हळू बोल.”

जीपमध्ये बसते तोच आमच्या उपअभियंता साहेबांचा फोन.

“साळवे मॅडम, फीडर कुणाला विचारून ट्रिप केला? पोल्ट्रीवाले माझं डोकं खातायत.”

“चर्चच्या मनोऱ्यावर माणसं चढली होती, सर. पाइप तारेजवळ होता.”

“परमिट घेतलं होतं का त्यांनी?”

“हो. थेट वरून.”

साहेब म्हणाले, “पोल्ट्रीवाल्यांना मी सांगतो काहीतरी.”

चांदणी चर्चच्या मागच्या अंगाच्या कडुलिंबावर लागली, बांबूला, कागदाची. सुप्यातून नाही दिसली. खरं तर गावाच्या वेशीतूनही नाही दिसली. शेजारच्या गावचे लोक मुद्दाम गाड्या काढून बघायला आले आणि हसून गेले. आमचे पंच गुमान बसले.

नाताळच्या उपासनेला मी गेले. मामीनं पहिल्या बाकावर बसवलं. पाळकसाहेबांनी मेंढपाळांवर संदेश दिला. “देवदूत त्यांना म्हणाला, भिऊ नका,” ते म्हणाले. “मी हे वाक्य दर वर्षी सांगतो. पण मेंढपाळ आधी भ्याले होते, हे मी कधी सांगितलंच नाही. जो भ्यालाच नाही, त्याला ‘भिऊ नका’ कोण म्हणणार?” मग म्हणाले, “मी वर उभा होतो तेव्हा देव माझ्या खिशात आहे असं मला वाटत होतं.” मंडळीत कुणी आमेनसुद्धा म्हणालं नाही. सगळ्यांना पटलं होतं, बहुतेक म्हणूनच.

उपासनेनंतर त्यांनी मला विचारलं, “ताई, इतकी वर्षं झाली, तुम्हाला अजून लाइनीची भीती वाटते?”

“रोज,” मी म्हटलं. “पळून जावंसं वाटतं अशी नाही. तिच्याजवळच तर काम करते. पण ती माझ्या हिशेबानं चालत नाही, हे विसरत नाही. ज्या वायरमनची भीती मोडली, त्याला आम्ही खांबावर चढवत नाही. त्याला ऑफिसात बसवतो.”

“आणि देवाचं?”

“ते तुमचं खातं आहे. पण मला वाटतं, नियम फार वेगळे नसावेत.”

पाळकसाहेब आताही गिटार वाजवतात, पण प्रार्थनेआधी क्षणभर गप्प उभे राहतात. मंडळीतली म्हातारी माणसं म्हणतात, पोरगं जरा वळणावर आलं.

मामांचं मात्र वेगळंच झालं. परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“रूथ, वट्यावरचा बल्ब बदलायचाय.”

“मग बदला की. बटण बंद करा आणि बदला.”

“बटन बंद केलंय. मेन स्विच बी पाडलाय. पायात रबरी चपला घातल्यात, आन् मामी लाकडी काठी घिऊन हुबी हाय.”

“मग अडलंय कुठं?”

“अडलंय कुटं न्हाई. तू तिकडून एकदा सबस्टेशनला इचार.”

भयानं शहाणपण येतं, हे खरंच आहे. आमच्याकडे ते थोडं जास्त आलंय, एवढंच.