आईच्या गळ्यातली बाई

आईने निरवानिरवीला सुरुवात केली ती भांड्यांपासून. ऑपरेशन साधं मोतीबिंदूचं होतं, पण तिने असा पसारा मांडला की जणू परत यायचंच नाही. मी तलासरीहून एसटीने डहाणूला पोचले तर खाडीजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर सगळा संसार उन्हात आलेला. मासळी कापायची मोरळी, सुक्या बोंबलांच्या पाट्या, पितळी डबे, दोन गोधड्या. मी म्हटलं, "आई, डोळ्याच्या दवाखान्यात चाललीस की काशीला?"

ती हसली नाही. एकेक वस्तू उचलायची, मान खाली घालून स्वतःच्या छातीशी काहीतरी पुटपुटायची, जरा थांबायची, आणि मग मला सांगायची. "हा डबा तुला. गोधडी शेजारणीला. मोरळी कुणाला देऊ नको, थोरली नाही म्हणते."

थोरली म्हणजे माझ्या बापाची पहिली बायको. ती मेली तेव्हा मी पाळण्यात होते. हो, मी तिची. आईने मला जन्म दिलेला नाही हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. लपवणार तरी कसं? थोरली आईच्या गळ्यातच होती. दुसरेपणावर आलेल्या बाईने आधीच्या बायकोचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे सवत त्रास देत नाही, अशी आमच्या घरातली जुनी रीत. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर उभी बाई ठोकलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. नवी साडी आधी त्या टाकाला लावायची, मग नेसायची. ताटातला पहिला घास तिचा. इतर बायका टाक घालतात आणि चार दिवसांत विसरतात. माझी आई विसरली नाही.

बाप गेला, मंगळसूत्र उतरलं, टाक राहिला. मला ताप आला की डॉक्टरच्या आधी थोरलीला खबर. शाळेत मार खाल्ला, शहाणी झाले, तलासरीचं स्थळ आलं, सगळं तिच्या कानावर. आई बोंबील वाळत घालता घालता तिला सांगायची, मग गप्प उभी राहायची, आणि मग मान डोलवायची. त्या मान डोलवण्याची मला लहानपणी भयंकर भीती वाटायची. वाटायचं, हिला काहीतरी ऐकू आलं आणि मला नाही आलं. टाकावरच्या बाईला तर तोंडही उरलं नव्हतं. आईच्या अंगठ्याने घासून घासून ते पार सपाट झालं होतं, खाली पाय तेवढे दिसायचे.

त्या दिवशी भांडी संपली आणि आई माझ्याकडे वळली. "आता तू राहिलीस."

"मी काय राहिले?"

"तुला तिची तिला द्यायची. तिने तुला माझ्या पदरात टाकली, मी सांभाळली. जायच्या आधी परत नको करायला? तशीच गेले तर काय तोंड दाखवू तिला? नीट वाढवलीस एवढं तिच्या तोंडून ऐकलं ना, की मी मोकळी."

"मी काय बोंबलाची पाटी आहे, घेतली तशी परत करायला?"

खरं सांगते, मला रडू नाही आलं, संताप आला. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, अंगणवाडीत गावभरची पोरं सांभाळते, आणि माझी आई मला एका झिजलेल्या पत्र्याला परत द्यायला निघाली होती! त्या बाईचा फोटोसुद्धा कुणाकडे नाही. मला जन्मात एकच आई मिळाली आणि तीच म्हणत होती, तू माझी नव्हेस. मी ओट्यावर उभी राहून इतकी भांडले की शेजारीण बाहेर येऊन बघून गेली. आई शांतपणे डबे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नर्स म्हणाली, "आजी, अंगावरचं सगळं काढून द्या." आईने बांगड्या काढल्या, कानातल्या कुड्या काढल्या. टाकापाशी आली आणि मूठ आवळून बसली.

"आजी, आत धातू चालत नाही हो."

"लग्नापासून कधी उतरला नाही गो हा."

नर्स बिचारी थांबली. मग आई मला म्हणाली, "तू घाल. पर्समध्ये नाही टाकायचा, गळ्यातच घालायचा. तिला उघड्यावर ठेवू नको." मला नको होता तो, मेला. पण आत डॉक्टर खोळंबले होते. मी वाकले, तिने स्वतःच्या हाताने दोरा माझ्या डोक्यावरून घातला, टाक सारखा केला, आणि पाठ न वळवता, माझ्याकडे बघत बघत दारापर्यंत मागे गेली. देवळातून निघताना जातात तशी.

मी बाकावर बसले. टाक एवढासा, पण मान दुखायला लागली. पंखा फिरत होता, बाहेर रिक्षावाले ओरडत होते, सगळं रोजचंच होतं. म्हटलं, चला, दोघींना वेळच वेळ आहे, थोडी थट्टा करू. मनातल्या मनात म्हटलं, काय थोरले, बरी आहेस का? तिला आत नेलंय. घाबरलीय ती. साखर जरा वाढलीय तिची. सारखी म्हणते, मला आता जायचंय.

आणि मी थांबले. कशासाठी थांबले ते माझं मलाच कळलं नाही. पंख्याचा आवाज येईना, रिक्षांचा येईना. मग माझी मान हलली, हो म्हणाल्यासारखी, दोनदा. शेजारी बसलेली बाई उठून पलीकडच्या बाकावर गेली. तेव्हा माझं लक्ष गेलं, माझा अंगठा टाकावर फिरत होता. मी कशाला हो म्हटलं होतं? देवाशपथ सांगते, मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

आईला बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू, म्हणजे दिसणार ते काय, एक बाई आणि तिच्या गळ्यात चमकणारं काहीतरी. ती माझ्यासमोर आली आणि तिने डोक्यावरून पदर घेतला. माझ्यासमोर तिने कधी पदर घेतला नव्हता. मग ती वाकायला लागली. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं, आणि ही माझ्या पायाशी हात न्यायला लागली!

मी तिचे दंड धरले. ती म्हणाली, "बाय, तुझी पोर तुझ्या हवाली. जमली तशी वाढवली. काही कमी पडलं असेल तर पोटात घाल."

मला म्हणायचं होतं, अगं आई, मी आहे, वेडी का तू. तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "पोर तुझीच आहे. मी तुला कधीच दिली. मला परत नको."

आवाज माझाच होता. पण मी आईला 'तू' म्हणताना इतकं हळू, इतकं थोरलेपणाने कधी बोलले नव्हते, लहान जावेशी बोलावं तसं.

आई ताठ उभी राहिली. माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "काय म्हणाली गो ती?"

आता मात्र मी हमसून हमसून रडले. "म्हणाली, मी तुझीच."

"तरी मला वाटतच होतं," आई म्हणाली आणि पदराने माझं नाक पुसलं, पाच वर्षांच्या पोरीचं पुसावं तसं.

मी टाक काढायला लागले तर तिने हात धरला. "राहू दे. माझं काम झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी जायला मोकळी."

काल ओट्यावर एवढी भांडले ते हिला सोडायचं नव्हतं म्हणून, आणि आज माझ्याच तोंडून हिला रजा मिळाली होती. बाकावर मी कशाला हो म्हटलं होतं ते मला तेव्हा समजलं.

घरी जाताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या उघड्या गळ्यावर दोऱ्याची पांढुरकी रेघ होती. मी दर खड्ड्याला तिच्या नाकाखाली बोट धरून बघत होते आणि दुसऱ्या हाताने टाक घट्ट धरून सांगत होते, थोरले, एवढ्यात नको गो. माझी आई आहे ती.